हरलेल्या जोडीने बांधायच्या जुड्या

बाजाराच्या आदल्या दिवशी दुपारी आमच्या घरी पत्त्यांचा डाव बसतो. खेळ करमणुकीचा, पण त्याच्या शेवटी काम असते. जी जोडी हरेल, तिने त्या दिवशीच्या सांभाराच्या जुड्या बांधायच्या. कोथिंबिरीला आमच्याकडे सांभार म्हणतात. हा नियम कोणी केला, हे घरात कोणालाच नक्की सांगता येत नाही. आई म्हणते बाबांनी केला, आणि बाबा म्हणतात, "तुह्या आईशिवाय असं कोनाले सुचन?"

आमचे गाव आर्वी आणि तळेगावच्या मध्ये आहे. शेतात कपाशी आणि तूर असते, आणि विहिरीजवळच्या ओलिताच्या तुकड्यात वांगी, मेथी, पालक, सांभार. भाऊ आणि वहिनी शेत पाहतात. भाजी घेऊन आई आर्वीच्या बाजारात बसते. मी नागपूरला एका वर्तमानपत्रात डेस्कवर काम करते. साप्ताहिक सुटी मी मुद्दाम बाजाराच्या आदल्या दिवशीची मागून घेतली आहे. आठवड्याच्या मधला तो दिवस दुसऱ्या कोणाला नकोच असतो, त्यामुळे ती सहज मिळाली. सकाळच्या गाडीने निघून तळेगावला उतरायचे आणि तिथून आर्वीची एसटी धरायची, म्हणजे जेवणाच्या वेळेला घरी पोचता येते.

जुड्या बांधणे हे जड काम नाही, कंटाळवाणे आहे. सांभार सगळ्यांनी मिळून उपटायचा, टाक्यात बुचकळून मुळांची माती काढायची, इथपर्यंत ठीक असते. नंतर मात्र एका जागी बसून मूठ मूठ घ्यायची, देठ सारखे करायचे, सुतळीचे दोन वेढे द्यायचे आणि गाठ मारायची. पाय बधिर होतात. हिवाळ्यात ओल्या सुतळीने बोटे चिरतात. जिंकलेली जोडी तेवढा वेळ छपरीतल्या खाटेवर बसून चहा पिते आणि खाली बसलेल्यांच्या कामात खोड्या काढते. खरी शिक्षा ती असते.

डाव दहलापकडचा. चौघे खेळतात, समोरासमोरचे दोघे जोडीदार. पत्त्यांत चार दहले असतात, ते ज्या जोडीने जास्त पकडले ती जिंकली. आम्ही लहान असताना आई-बाबा एका बाजूला आणि भाऊ व मी दुसऱ्या बाजूला असायचो. मी नागपूरला गेले, भावाचे लग्न झाले, तेव्हा जोड्या बदलल्या. आईने त्याच सुमारास जाहीर केले की या माणसासंगं संसार होते, पत्ते होत नाई. ती भावाकडे गेली आणि बाबांच्या समोर नवी सून बसली.

वहिनीचे माहेर तळेगावकडचे. आमच्याकडे सून सासऱ्यासमोर डोक्यावरचा पदर खाली येऊ देत नाही आणि विचारल्याशिवाय बोलत नाही. डावासाठी अंथरलेल्या ताडपत्रीवर बसल्यानंतरही पहिले काही डाव ती गप्प होती. मग एका दुपारी बाबांनी बदामचा राजा शेवटपर्यंत हातात धरून ठेवला आणि तो हुकमाखाली मारला गेला. वहिनी पदर सावरत म्हणाली, "मामाजी, राजा काऊन धरून ठेवला होता? अंड्यावर बसवला होता काय?"

आई आणि भावाने एकदम बाबांकडे पाहिले. बाबा एवढे हसले की त्यांना ठसका लागला. त्या दिवसापासून ताडपत्रीवर वहिनी सासऱ्याला काहीही बोलते. ताडपत्री गुंडाळली की पुन्हा पदर आणि पुन्हा 'हो मामाजी, नाई मामाजी'. तिला पडलेले प्रत्येक पान लक्षात राहते. बाबांना ते राहत नाही, पण समोरच्याच्या चेहऱ्यावरून ते पान ओळखतात. दोघांची जोडी हरवणे अवघड होते.

गेल्या पोळ्यानंतर बाबांना लकवा मारला. डावी बाजू गेली. वर्ध्याला दवाखान्यात ठेवावे लागले. पाय बराचसा परतला, काठी घेऊन ते अंगणात फिरू लागले. बोलणे थोडे जड झाले, पण समजत होते. हात मात्र मागे राहिला. डाव्या हाताची बोटे सावकाश मिटायची आणि लक्ष गेले की आपोआप उघडायची. हाताला काम देत राहा, असे डॉक्टरांनी घरी सोडताना सांगितले होते. घरात नेमके उलटे झाले. आई भाकर कुस्करून ताटात द्यायला लागली. भाऊ आंघोळ घालायचा, शर्टाची बटणे लावायचा. बाबांनी पाण्याच्या गुंडाकडे, म्हणजे हंड्याकडे, पाहिले तरी कोणीतरी गडवा भरून आणायचे. ते उठायला लागले की चार तोंडांतून एकदम निघायचे, "बसा ना, तुमी कायले उठता?"

थंडी पडली तेव्हा वहिनीने ताडपत्री पुन्हा अंथरली. बाबांना खांबाला टेकून बसवले. डाव्या हातात पत्ते कसेबसे धरले जायचे, उजव्याने ते पान टाकायचे. त्या आठवड्यात माझी सुटी रद्द झाली होती. भावाने फोनवर सांगितले, "बाबा जिंकले. आता जिंकतच राह्यतीन. आईचं अन् माह्यं ठरलं. हरले त थ्याईले जुड्या बांधा लागन. हात चालत नाई, उगाच डोळ्यात पानी येइन."

मी म्हटले, ठीक आहे. वहिनीला सांगितले होते का, असे विचारले. तो म्हणाला, "तिले काय सांगाचं? थे त जिंकूनच राह्यली."

असे काही आठवडे गेले. आई आणि भाऊ हरत होते, जुड्या बांधत होते. बाबा आणि वहिनी खाटेवर बसून चहा पीत होते. बाबा आनंदी दिसत नव्हते. जिंकल्यावर पूर्वी ते भावाच्या जुडीला झाडू म्हणायचे, लग्नातला हार म्हणायचे. आता कप हातात धरून आईच्या बोटांकडे पाहत राहायचे. एकदा मी घरी होते तेव्हा त्यांनी काठीने सांभाराची एक मूठ स्वतःकडे ओढली. आईने ती त्यांच्या हातातून काढून घेतली. "राहू द्या. तुमी जिंकले ना?" ती म्हणाली. तिने ते प्रेमानेच केले होते. बाबांनी कप खाली ठेवला आणि आत जाऊन पडले. त्यांना थकवा आला असेल, असा आम्ही अर्थ लावला.

ज्या दुपारची ही हकिकत आहे, त्या दुपारी मी भावाच्या मागे भिंतीला टेकून बसले होते. त्याचे पत्ते मला दिसत होते. हुकूम इस्पिकचा होता. वाटून झाल्यावर पहिले पान बाबांचे होते. त्यांनी थोडा विचार केला आणि बदामचा दहला टाकला.

हे पान कोणीही असे टाकत नाही. एक्का, राजा, राणी, गुलाम सगळे बाहेर असताना दहल्याने सुरुवात करणे म्हणजे तो समोरच्यांना देऊन टाकणे. भावाच्या हातात बदामचा एक्का होता. त्याने एक्क्यावर बोट ठेवले, मग बोट सरकवले आणि सत्ता टाकला. वहिनीने चौका टाकला. आईने पत्ते छातीशी धरले, सगळे पुन्हा एकदा पाहिले आणि दुर्री टाकली.

दहल्यानेच हात मारला. पाने गोळा करायला कोणी हात पुढे केला नाही. मग वहिनीने ती उचलून बाबांच्या पुढ्यात ठेवली. तिच्या कपाळाला आठी होती.

दोन हातांनंतर बाबांनी पुन्हा बदाम टाकला. या वेळी भावाजवळ बदामचे एकच पान उरले होते. तो एक्का त्याला खाली ठेवावाच लागला. आईजवळही एकच बदाम राहिला होता, आणि तो राजा होता.

वहिनीने एक्क्याकडे पाहिले, राजाकडे पाहिले, मग नवऱ्याकडे.

"एक्का तुमच्याजवळ होता?"

भाऊ म्हणाला, "ध्यानात नाई राह्यलं."

"अन् आत्याबाईच्या ध्यानात राजा नाई राह्यला?" ती सासूकडे पाहत म्हणाली आणि तिने पत्ते पालथे ठेवले. मग ती बाबांकडे वळली. "अन् मामाजी, तुमी दहला काऊन टाकला? तुमच्यासारखा मानूस पहिल्याच पानाले दहला फेकते? मांगच्या बाजारी बी तुमच्याजवळ हुकूम होता, तुमी मारला नाई. मले वाटलं दिसला नसन."

बाबा उजव्या हाताने पत्ते सारखे करायला लागले.

"तुमी हरून राह्यले काय?"

आई म्हणाली, "कायचं हरते! उगाच काही बोलू नको."

"हो," बाबा म्हणाले. "हरून राह्यलो. पन हे दोघं हरू देत नाई."

मला त्या क्षणी भावाची मानच दिसत होती. ती लाल झाली होती.

बाबा सावकाश बोलत होते. जड जिभेमुळे शब्द सुटे सुटे यायचे. "रोज खाटेवर बसवता. तुमी खाली काम करता, मी वरून पाह्यतो. पाव्हन्यावानी. म्हटलं, डाव हरलो त नियमानं मले खाली बसा लागन. कोनी नाई म्हनू शकत नाई. त मी वाईट खेळलो, तुमी माह्यापेक्षा वाईट. मी अजून वाईट, तुमी अजून. जिंकून जिंकून कंटाळलो मी."

आई म्हणाली, "हरायचं होतं त सांगाचं ना!"

"सांगून हरते काय कोनी?"

वहिनी हसली नाही. ती खरोखर रागावली होती, आणि तिचा राग वेगळ्याच गोष्टीचा होता. "अन् मी?" ती म्हणाली. "जोडीदार मी आहो. हे दोघं मले न सांगता हरवून घेऊन राह्यले, तुमी मले न सांगता हरून राह्यले. इथं खेळून राह्यली कोन? एकटी मीच?"

बाबांनी तिच्याकडे पाहिले. "चुकलं," ते म्हणाले. सासऱ्याने सुनेला असे म्हटलेले आमच्या घरात मी त्याआधी ऐकले नव्हते.

"हराचं असन त खेळून हरा," वहिनी म्हणाली. "मी मुद्दाम हरनार नाई. मले जमत नाई." तिने सगळे पत्ते गोळा केले, पिसले आणि नवऱ्यापुढे आपटले. "काटा. अन् या खेपी एक्का लपवला त रातची भाजी तुमीच करजा."

त्या डावात कोणी कोणाला सांभाळले नाही. मी मागे बसून भावाचे पत्ते पाहत होते, तो खरा खेळत होता. आई तर पहिल्या हातापासून ईर्ष्येला पेटली. तिने बाबांचा चौकटचा राजा हुकमाच्या दुर्रीने मारला आणि टाळी वाजवली. बाबांचे डोळे पूर्वीसारखे लोकांच्या चेहऱ्यांवर फिरायला लागले. एक दहला त्यांनी वहिनीच्या राणीखाली अलगद काढून घेतला. पण दोन दहले आईकडे गेले. शेवटचे काही हात उरले तेव्हा एकच दहला बाहेर होता, किलवरचा. तो बाबांकडे आला तर बरोबरी, आईकडे गेला तर डाव संपला.

तो बाबांच्याच हातात होता. भावाने किलवरचा राजा टाकला. किलवरचा एक्का आधीच निघून गेला होता. वहिनीने पान दिले, आईने दिले. बाबांजवळ किलवरचे दुसरे हलके पान होते, ते देऊन दहला वाचवता आला असता. त्यांनी उजवा हात पुढे नेला. तेवढ्यात डाव्या हाताची बोटे सुटली. पत्ते एकमेकांवरून घसरले आणि एक पान ताडपत्रीवर उताणे पडले.

किलवरचा दहला.

बाबा ते उचलायला वाकले. भाऊ लगेच म्हणाला, "उचला बाबा, चुकून पडला थो."

"कायले उचला?" आई म्हणाली. "पडलं पान, खेळलं पान."

हा आमच्या घरातला जुना नियम. लहानपणी आमच्या हातातून पत्ते पडायचे तेव्हा बाबा तो लावायचे आणि आम्ही रडायचो. भावाने आईकडे पाहिले. तिने नजर वळवली नाही. ती बाबांकडे पाहत होती, आणि तिचा हात पाने ओढून घ्यायला पुढे आला होता.

बाबांनी आपला हात मागे घेतला. "बरोबर हाये," ते म्हणाले. "खेळलं पान."

आईने चारही पाने स्वतःकडे ओढली. डाव संपला होता.

"तुमच्यापायी आता मले बांधा लागन," वहिनी म्हणाली.

"मंग जोडीदार बदल."

"बदलत नाई. पत्ते धराले शिका."

सांभार उपटून, धुऊन अंगणात आला तोवर उन्हे उतरली होती. आई आणि भाऊ खाटेवर चढून बसले. चहा मी केला. बाबा वहिनीच्या शेजारी पोत्यावर बसले आणि त्यांनी सुतळी मागितली. पहिल्या जुडीला त्यांना फार वेळ लागला. डाव्या हातात मूठ धरली की बोटे उघडायची आणि देठ पसरायचे. त्यांनी मूठ गुडघ्याखाली दाबून पाहिली, पाला चेंगरला. मग जुडी मांडीवर आडवी ठेवली, डाव्या हाताचा नुसता भार तिच्यावर टाकला, सुतळीचे एक टोक दातांत धरले आणि उजव्या हाताने वेढे दिले. गाठ बसली. जुडी उचलून टोपलीत ठेवताना ती अर्धी सुटली. त्यांनी ती परत घेतली.

वहिनीने एकदाही हात पुढे केला नाही. ती आपल्या जुड्या बांधत होती, भरभर.

थट्टा करावी की नाही, ते आम्हा तिघांना सुरुवातीला कळत नव्हते. शेवटी भाऊ म्हणाला, "बाबा, थ्या जुडीले पट्टा लावा. पॅन्ट घसरून राह्यली तिची."

बाबांनी दातांतली सुतळी काढली. "तू लहान होता तवा तुह्यीबी घसरे. म्या काही म्हटलं काय?"

आईला चहाचा घोट आवरला नाही. ती पदराने तोंड पुसत म्हणाली, "घट्ट बांधा हो. बाजारात गिऱ्हाईकाचं मले ऐकावं लागते."

"खाटेवर बसली त लय बोलते," बाबा म्हणाले.

अंधार पडायच्या आत काम झाले. बहुतेक जुड्या वहिनीच्या होत्या. बाबांच्या कोणत्या, ते पाहताक्षणी ओळखू येत होते. त्या कमरेत सैल होत्या आणि सुतळीची टोके लांब राहिली होती. त्या वेगळ्या काढाव्यात, निदान वरून एक वेढा द्यावा, असे मला वाटले. मी टोपलीकडे हात नेला, तेव्हा आईने नुसती मान हलवली. मी हात मागे घेतला. बाबांनी डावा हात उजव्या हाताने धरून मांडीवर ठेवला होता. त्या रात्री भाकर त्यांनी स्वतः कुस्करली. ताटाबाहेर बरीच सांडली, ती वेचायला कोणी धावले नाही.

काळजीपोटी आम्ही एका माणसाला घरातल्या घरात सुटीवर पाठवले होते. त्याला परत बोलवायला दुसरे काही सापडले नाही, पत्ते सापडले. डॉक्टरांनी सांगितलेले आम्हा सगळ्यांना पाठ होते. पण घरात वर्षानुवर्षे चालत आलेला एक रिकामपणचा खेळ होता, त्याचे नियम कोणाच्या दयेवर चालत नव्हते, आणि त्या नियमांवर बाबांचा सगळ्यांपेक्षा जास्त भरवसा होता.

सकाळी मी आईबरोबर आर्वीला गेले. तिथून मला पुढची गाडी धरायची होती. आईने बाजारात गोणपाट अंथरले, वांगी एका बाजूला आणि मेथी-सांभार समोर रचला. बाबांच्या जुड्या तिने खाली दडवल्या नाहीत आणि वरही ठेवल्या नाहीत. सगळ्यांबरोबर जशा आल्या तशा लावल्या.

बऱ्यापैकी विक्री झाल्यावर एक बाई आली. पिशवी खांद्याला, घाईत होती. तिने एक जुडी उचलली आणि ती तिच्या हातात उकलली. सुतळी गळून खाली पडली, सांभार वांग्यांवर पसरला.

"अव माय," ती बाई म्हणाली, "हे काय बांधलं व? कोनं बांधलं?"

आईने पसरलेला सांभार गोळा केला, मुठीत धरून तिच्या पिशवीत टाकला आणि वर आणखी थोडा घातला. "नवीन मानूस लागलं बाई कामाले," ती म्हणाली.

"मंग शिकवा थ्याले."

"शिकून राह्यलं."

बाई गेली. आईने लगेच कमरेचा मोबाइल काढला आणि भावाला लावला. गोंगाटात ऐकू यावे म्हणून आवाज मोठा केला होता, त्यामुळे मला सगळे ऐकू येत होते. ती म्हणाली, "बाबाले दे." मग घडलेले जसेच्या तसे सांगितले, बाईची नक्कल करून, काही न वगळता.

मला वाटले, सांगायला नको होते.

"कोनत्या गावची होती थे?" पलीकडून बाबांनी विचारले.

"मले काय मालूम? होती इथलीच कोनी."

"पुढच्या बाजारी येजो म्हन तिले," बाबा म्हणाले. "गाठ पाह्यजो म्हन."